कार्तिकातला समुद्र आणि बंदरावरचा बावटा

दिवाळी आली की पाऊस संपला आणि समुद्र निवला, असे आपण धरून चालतो. मुर्ध्यासारख्या खाडीकाठच्या गावात तर ही समजूत कामाच्या वेळापत्रकातच मुरली आहे. मिठागरांच्या बांधबंदिस्तीचे काम पाऊस सरल्यावर हाती घेतात. इथून राई, मोर्वा, डोंगरी ओलांडून उत्तनला गेलात, तर किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत टांगलेले दिसतात. मीठ काय आणि सुके मासे काय, दोन्ही धंद्यांना कोरडे आकाश लागते, आणि ते कार्तिकापासून मिळते असा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा आहे. हा भरवसा कितपत खरा, हे पाहण्यासाठी गेली काही वर्षे मी आपल्या किनाऱ्यावरच्या वादळांच्या तारखा जमवतो आहे. पदवी इतिहासाची नाही आणि हवामानशास्त्राचीही नाही. जे वाचले ते ग्रंथालयांत बसून, गरजेपुरते. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून केली. प्रत्येक इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहीत गेलो.

‘वैतरणा’ नावाची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली तो दिवस ८ नोव्हेंबर १८८८. तिथी कार्तिक शुद्ध पंचमी. लक्ष्मीपूजन होऊन आठवडाही झाला नव्हता. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या एकाच देशी कंपनीच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच उलटली होती. मुंबईवर मोठे चक्रीवादळ येऊन आदळले ते २१-२२ नोव्हेंबर १९४८ रोजी, कार्तिक वद्यात. ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, पुन्हा कार्तिक वद्यात. १९२७ आणि २००९ या दोन सालांत इंग्रजी तारीखही एकच निघावी, हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण चारही घटना कार्तिकातल्या निघाव्यात, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

कोळ्यांच्या पंचांगात समुद्राचे दार कधी बंद करायचे आणि कधी उघडायचे हे पक्के ठरलेले आहे. मृगाच्या आधी होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग दर्यात जायचे. सरकारनेही हा नियम जवळजवळ जसाच्या तसा उचलला. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत असे. आता ती १ जून ते ३१ जुलै अशी आहे. जुन्या नियमाची एक गंमत म्हणजे, बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या उत्तनच्या कोळ्यांचा हंगामही श्रावणातल्या हिंदू तिथीने उघडत असे, तोही सरकारी हुकमाने. समुद्रापुढे असे भेद फार टिकत नाहीत.

हे पंचांग अनुभवातून आलेले आहे आणि पावसाळ्यापुरते ते अचूक आहे. पण ते ज्या धोक्यापासून वाचवते तो धोका मोसमी वाऱ्यांचा. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मात्र भर पावसाळ्यात सहसा होतच नाहीत. याचे कारण समजायला सोपे आहे. चक्रीवादळाला खालून ऊब लागते, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सियसच्या वर हवे. शिवाय वरपर्यंत उभा राहणारा वाऱ्याचा खांब मोडता कामा नये. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या थरात नैर्ऋत्येकडून जोरदार वारे येतात आणि वरच्या थरात, बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून त्याहून जोरदार वारे वाहतात. पायाला एकीकडे आणि डोक्याला दुसरीकडे ओढ बसली की खांब उभाच राहत नाही. मोसमी वारे यायच्या आधी, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, आणि ते परतल्यानंतर, म्हणजे आश्विन-कार्तिकात, ही ओढाताण सैल पडते. पाणी गरम असते आणि वादळाला वाट मोकळी मिळते. नारळी पौर्णिमेने उघडलेल्या हंगामाच्या ऐन भरात, होड्या दूर गेलेल्या असताना, हा दुसरा काळ येतो. परंपरेने या काळासाठी वेगळा नियम केला नाही, कारण अशी वादळे दर वर्षी येत नाहीत. बंगालच्या उपसागरात चार झाली तर अरबी समुद्रात एक, असे ढोबळ प्रमाण पूर्वापार मानले जाते. एखाद्या गावाच्या वाट्याला असे वादळ दोन पिढ्यांतून एकदा यायचे. दोन पिढ्यांतून एकदा येणाऱ्या गोष्टीचे पंचांग होत नाही. तिथे कोणीतरी आगाऊ सांगावे लागते. ते सांगणे कधी सुरू झाले आणि कोणासाठी, हा माझ्या शोधाचा खरा विषय.

मुंबईत हवेच्या नोंदी फार लवकर सुरू झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती तारे पाहण्यासाठी आणि जहाजांना नेमकी वेळ कळावी म्हणून. वेळ चुकली की रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर. १८४१ पासून तिथे चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. ऑर्लेबार या प्राध्यापकाच्या हाताखाली तिथे काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक तरुण होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे हेच केरूनाना पुण्याचे नामांकित गणिती आणि टिळकांचे गुरू झाले. ठरलेल्या घटकेला उठून वायुभारमापकाचा पारा वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम केरूनानांनी विशीच्या आतबाहेर असताना वर्षानुवर्षे केले. त्यांच्या चरित्रात या वर्षांना सहसा दोन-तीन ओळींहून जास्त जागा मिळत नाही. मला वाटते, ती वर्षे जास्त महत्त्वाची आहेत. समुद्रापलीकडच्या गावातून आलेला एक मराठी मुलगा समुद्राच्या हवेचा हिशेब ठेवत होता. पण तो हिशेब नागावच्या कोळ्याकडे परत जाण्याची काही सोय नव्हती. नोंदी इंग्रजीत छापल्या जात आणि विद्वानांकडे पाठवल्या जात.

इशारे सुरू झाले ते एका संहारानंतर. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आले आणि हजारो माणसे मेली. समुद्राच्या पाण्याची भिंतच हुगळीतून वर चढली. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याच शहरातल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये, सापाच्या वेटोळ्यावरून, घडवला होता. म्हणजे नाव आधी मिळाले आणि व्यवस्था नंतर. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पश्चिम किनाऱ्याचा क्रम लागला तो १८८० मध्ये. बंदरे होती मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. जिथे आगबोटी लागत आणि कापूस चढे, ती ही ठिकाणे. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा यांत कुठे नाहीत. तशी अपेक्षाही तेव्हा कोणी केली नसेल. इशारा मालासाठी होता, विमा उतरवलेल्या जहाजांसाठी होता.

मुंबईला इशारे मिळू लागल्यानंतर आठ वर्षांनी ‘वैतरणा’ गेली. आमच्या उत्तरेला अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळणाऱ्या नदीचेच नाव, आणि पुराणातल्या यमलोकीच्या नदीचेही. बोट नवी, जेमतेम तीन वर्षांची. विजेचे दिवे असल्यामुळे गुजरातेत तिला ‘वीजळी’ म्हणत. कच्छमधल्या मांडवीहून ती मुंबईकडे निघाली, द्वारकेला आणखी उतारू चढले, हवा बिघडल्यामुळे पोरबंदरला ती थांबली नाही आणि मांगरोळच्या पुढे पुन्हा कोणाला दिसली नाही. सातशेहून अधिक माणसे होती. लग्नाची वऱ्हाडे होती आणि परीक्षेला मुंबईला निघालेली मुले होती, असे सांगतात. अवशेष सापडले नाहीत. मुंबई सरकारच्या चौकशीत बोटीवर जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे निघाले.

या बोटीवर गुजरातीत गाणी झाली, कादंबरी झाली. त्या लोककथेतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. पोरबंदरच्या इंग्रज प्रशासकाने कप्तान हाजी कासमला पुढे जाऊ नको असे बजावले आणि त्याने ऐकले नाही, अशी कथा आहे. पुढच्या संशोधकांना या प्रसंगाला आधार सापडलेला नाही. तो लोकांनी मागाहून घातलेला दिसतो. सातशे माणसे कोणाच्याही सूचनेवाचून, नुसतीच समुद्रात नाहीशी झाली, हे मनाला सोसत नाही. कोणीतरी सांगितले होते, पण कोणीतरी ऐकले नाही, एवढे कथेत आले की दुःखाला धरायला काहीतरी मिळते. आजही प्रत्येक वादळानंतर पहिला प्रश्न तोच असतो: सांगितले होते का?

इथे एका खोट्या वादळाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण ते अजून पुस्तकांतून फिरते. ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, असे जगातल्या मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती होती ७,७३,१९६. लाख माणसे म्हणजे दर आठांतला एक. एवढे मेले असते तर शहरात घर सोडून घर सुतकात असते. पण तेव्हाच्या वर्तमानपत्रांत किंवा सरकारी कागदांत अशा संहाराचा मागमूस नाही. अमिताव घोष यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात मुंबई आणि वादळे या विषयावर लिहिताना या घटनेचाही माग काढला आणि अभ्यासकांचा निष्कर्ष असा की हे वादळ झालेच नाही. उलट १९४८ चे वादळ खरोखर झाले, तेही स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षांत, आणि ते मुंबईकरांच्या आठवणीतून जवळजवळ पुसले गेले आहे. त्याआधी १६ ऑक्टोबर १९४० रोजी, कोजागरीच्या सुमारास, आणखी एक येऊन गेले होते. त्याचीही तीच गत.

आता बावट्याकडे येऊ. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला परके नाही, पण त्याचा अर्थ विचारला तर दहांतले नऊ अडतील. १८९८ पासून देशातल्या सर्व बंदरांसाठी एकसारख्या खुणा ठरल्या. आपण त्याला बावटा म्हणतो, पण ते निशाण नव्हे. दिवसा खांबावर शंकू आणि दंडगोल यांची मांडणी चढवतात, रात्री तांबडे आणि पांढरे दिवे. एकूण खुणा अकरा. पहिल्या दोन दूरच्या वादळासाठी: समुद्रात कुठेतरी काहीतरी शिजते आहे, बंदराला अजून धोका नाही, पण बाहेर पडणाऱ्या जहाजाने जपावे. तिसरी आणि चौथी बंदरापुरती. तीन म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता. पाच, सहा, सात या धोक्याच्या. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार की थेट बंदरावरून, हे त्यांतून कळते. आठ, नऊ, दहा याच तीन गोष्टी मोठ्या वादळासाठी सांगतात. अकरावी खूण वेगळीच आहे. ती वादळाबद्दल काहीच सांगत नाही. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याला धोका वाटतो आहे, एवढाच तिचा अर्थ.

मोठ्या बंदरांत या अकराही खुणा असतात. ज्या बंदरांत मुख्यतः लहान नौका येतात तिथे मात्र एक संक्षिप्त पद्धत ठेवलेली आहे. तिच्यात पाचच खुणा: तीन, चार, सात, दहा आणि अकरा. सुटसुटीतपणासाठी केलेली ही काटछाट वरवर शहाणपणाची वाटते; वादळ डाव्या बाजूने जाते की उजव्या, हे होडीवाल्याला कशाला? पण गाळलेल्या खुणांत पहिल्या दोनही आहेत, दूरच्या वादळाच्या. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला तीनशे मैलांवरचे वादळ कळवायचे आणि मचव्याच्या तांडेलाला नाही. तो लांब जातच नाही, असे ही पद्धत गृहीत धरते. शिडाच्या काळात हे बऱ्याच अंशी खरे होते. होड्यांना यंत्रे बसली, बर्फाचे खण आले, डोलवाले आणि जाळीवाले दिवसचे दिवस बाहेर राहू लागले, तरी कागदावरचा मच्छीमार किनाऱ्यालगतच राहिला. माझ्या मते आपल्या इशाऱ्यांच्या इतिहासातली मुख्य उणीव ही आहे. अंदाज चुकण्यापेक्षा, तो कोणाला उद्देशून आहे याची कल्पना जुनी राहिल्याने जास्त नुकसान झाले.

‘रामदास’ची गोष्ट या चौकटीत बसत नाही, तरी ती वगळता येत नाही. १७ जुलै १९४७, आषाढ सरत आलेला, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने कलली आणि काही मिनिटांत गेली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ज्यांना वाचवले त्यांतल्या बहुतेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काढले. ही बोट ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’च्याच कंपनीची. इथे चक्रीवादळ नव्हते, पावसाळ्यातला वाऱ्याचा एक झोत आणि एक लाट होती. दोन दिवस आधी देता येईल असा कोणताही अंदाज तिला उपयोगी पडला नसता. त्या सकाळी बोट सोडू नये असे म्हणणारा माणूस धक्क्यावर हवा होता, आणि त्याचे ऐकले जाईल अशी व्यवस्था हवी होती.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. दगडी मनोऱ्याची ती वास्तू समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, सह्याद्रीपलीकडे. समुद्राचे हवामान तिथे तारेने यायचे आणि तारेनेच परत जायचे. इशारा कोणाला पाठवायचा याची यादी असे: बंदर अधिकारी, मासेमारी खात्याचे अधिकारी, रेल्वे, जिल्हाधिकारी. यादीत नाव असलेल्याला तार मिळे, आणि तिथून गावापर्यंत बातमी जाईल तेव्हा जाई. हे अंतर काही अंशी मिटवले ते आकाशवाणीने. प्रादेशिक बातम्यांच्या शेवटी मच्छीमारांसाठी सूचना येऊ लागली आणि ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर ती होडीतही ऐकू येऊ लागली.

त्या सूचनेची भाषा आपल्या सर्वांच्या कानात आहे. समुद्र खवळलेला राहील, वारे ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. यातला प्रत्येक शब्द मोजलेला असतो. ‘खवळलेला’ म्हणजे लाटांची उंची अडीच ते चार मीटर. ‘अतिशय खवळलेला’ म्हणजे चार ते सहा. पण हे माप ऐकणाऱ्याला कधी समजावून दिले जात नाही. तांडेल समुद्र वावांत मोजतो: इतक्या वाव पाण्यात डोल मारली, इतक्या वावांवर मासळी लागली. उधाण आणि भांग यांचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो, कारण डोलीची जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालते. त्याला ‘१५ अंश उत्तर अक्षांश’ सांगणे म्हणजे त्याच्याशी भलत्याच गावाच्या बोलीत बोलणे. आता होड्यांवर जीपीएस आल्यामुळे तो अक्षांशही वाचतो, हा भाग वेगळा. बोली बदलण्याचे कष्ट शेवटी त्यानेच घेतले.

दुसरी गोष्ट त्या शेवटच्या वाक्यातली. ‘समुद्रात जाऊ नये’ हे किनाऱ्यावर असलेल्याला सांगणे आहे. आधीच बाहेर असलेल्याचे काय? २००९ च्या ‘फयान’ने हा प्रश्न उघडा पाडला. दक्षिणेकडून आलेला हा अवदाब किनाऱ्याला समांतर वर सरकला आणि त्याचे चक्रीवादळ झाल्यापासून ते जमिनीवर येईपर्यंत पुरता एक दिवसही गेला नाही. मासेमारी नौका ताशी बारा-पंधरा किलोमीटर चालते. ती शंभर किलोमीटरवर असेल तर शांत समुद्रातसुद्धा परतायला सात-आठ तास हवेत, आणि समोरून वारा असेल तर त्याहून कितीतरी जास्त. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. बाहेर असलेल्यांपैकी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडचे कित्येक खलाशी परत आले नाहीत. कार्तिकातली ती दुपार होती. किनाऱ्यावर सुकत टाकलेली मासळी, कापून ठेवलेला भात, सगळे भिजले.

त्यानंतर बरेच बदलले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आताच्या इशाऱ्यात दुसरे वाक्य असते: खोल समुद्रात असलेल्यांनी अमुक तारखेपर्यंत किनाऱ्यावर परतावे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘ओखी’ वादळात केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार मोठ्या संख्येने गेले, तेव्हा मोबाइलपलीकडे संदेश नेण्याची निकड दिल्लीपर्यंत पोचली. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रमाहिती केंद्राकडून २०१९ मध्ये उपग्रहाच्या मदतीने भर समुद्रात इशारा पोचवणारे छोटे यंत्र निघाले. त्याच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांतले ‘क्यार’ सर्वांत मोठे; त्याला महाचक्रीवादळाचा दर्जा मिळाला तो २७ ऑक्टोबर २०१९ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आपल्या अंगणात पणत्या जळत होत्या तेव्हा ते किनाऱ्यापासून दूर पश्चिमेकडे सरकत होते. त्याआधीच कोकणातल्या बंदरांत नौकांची दाटी झाली होती. परप्रांतातल्या नौकाही आसऱ्याला शिरल्या होत्या. आठवडाभरात ‘महा’ नावाचे दुसरे आले. त्या दिवाळीत इशारा वेळेवर मिळाला आणि लोकांनी तो मानला.

मानला नाही तर काय होते तेही दोन वर्षांनी दिसले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईपासून काही अंतरावरून उत्तरेकडे गेले. त्याचा अंदाज कित्येक दिवस आधी दिला होता, मार्ग सांगितला होता. उत्तनच्या होड्या किनाऱ्याला होत्या. पण मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामगारांना राहण्यासाठी ठेवलेली पी-३०५ ही तराफाबोट २६१ माणसांसह जागीच राहिली, नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. सत्तरहून अधिक माणसे गेली. ज्यांच्याकडे उपग्रह, बिनतारी यंत्रे आणि खास हवामान सल्ले होते त्यांची ही गत झाली, आणि ज्यांच्याकडे मोबाइलवरचा एक संदेश आणि सोसायटीचा भोंगा होता ते घरी होते. यात कोळ्यांचा विजय वगैरे नाही. होडी त्यांची स्वतःची आणि जीवही स्वतःचा, म्हणून निर्णय पटकन झाला. बोटीवरच्या कामगारांचा निर्णय भलताच कोणी करत होता.

वादळ न येताही कार्तिक बिघडतो, आणि त्याचा इशारा अजून कोणाच्या यादीत नीट बसलेला नाही. समुद्रात दूर एखादा अवदाब फिरला की आमच्याकडे दोन दिवस पाऊस पडतो. बंदरावर बावटा चढण्याजोगे त्यात काही नसते. पण मांडवावरचे बोंबील भिजून कुजतात आणि मिठागरातली तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ते नुकसान मासळी सुकवणाऱ्या बायांचे आणि मिठागरातल्या रोजंदारीवरच्या मजुरांचे. अंदाज आता सर्वांच्या मोबाइलवर असतो हे खरे. उत्तनच्या बाया त्यावर फार विसंबत नाहीत. रात्री जमिनीवरून येणारा मतलई वारा पहाटेपर्यंत टिकला की नाही, हे त्या पाहतात. तो पडला आणि दमट हवा आली, की सकाळ व्हायच्या आत मासळी उतरवायला लागतात.